चपला मोजून कॅनडाला

अमेरिकेतल्या हर्नडनहून कॅनडातलं मिसिसागा मोटारीनं साधारण पाचशे मैल. विमानानं दीड तास. मग आम्ही पंचवीस फूट लांबीची गाडी भाड्यानं घेऊन दोन दिवस का घालवले, असं परत आल्यापासून मला किमान अकरा जणांनी विचारलं आहे. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

कारण होतं आईचा उजवा गुडघा. मे महिन्यात आई कऱ्हाडहून आमच्याकडे आली, तेव्हा विमानातून उतरताना तो नारळाएवढा सुजला होता. "आता परत जायच्या वेळेलाच विमानात बसेन, मधे नाही," असं तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं. साध्या मोटारीत पाय दुमडून तिला तासाभराच्या वर बसवत नव्हतं. आणि जायचं तर होतंच, कारण मिसिसागाला तिची थोरली बहीण होती, आक्का. यजमान गेल्यावर आक्का मुलाकडे, नंदूकडे, कॅनडाला गेली त्याला सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षांत दोघींची भेट नाही, फक्त रविवारचा फोन. त्यातच दोन वर्षांपासून आक्काची नजर जात चालली होती. कडेकडेनं दिसायचं, पण नेमकं समोरचं पुसट व्हायचं. डॉक्टरांनी नंदूला सांगितलं होतं की आहे ते दिसणंही कधी कमी होईल, ते सांगता येत नाही.

"मी आक्काला बघीन, ते कधीही बघीन," आई म्हणाली. "तिनं मला बघायला पाहिजे."

म्हणून मोटरहोम. आत पलंग, शेगडी, फ्रिज आणि संडास. आईला पाय लांब करून पडता येईल आणि दर तासाला स्वच्छतागृह शोधावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. साल दोन हजार पाच, महिना जुलै. माणसं चार: मी, माझी पत्नी वंदना, चौदा वर्षांची मुलगी सई आणि आई.

शुक्रवार : हर्नडन ते सस्क्वेहाना नदी, १९८ मैल

गाडी देणाऱ्या माणसानं सव्वा तास सगळं समजावून सांगितलं आणि मी चार पानं टिपून घेतली. स्वच्छ पाण्याची टाकी चाळीस गॅलन. घाण पाण्याच्या दोन टाक्या, एक सिंकची, एक संडासची. उंची अकरा फूट चार इंच. हा शेवटचा आकडा मी मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगच्या वर चिकटवला, म्हणजे एखाद्या बुटक्या पुलाखाली शिरताना आठवण राहील. चालत्या गाडीत मागच्या पलंगावर आडवं पडलं तर चालतं का, हेही मी दोनदा विचारून घेतलं. चालतं म्हणाला.

आईनं आत पाऊल टाकण्याआधी चपला दारात काढल्या.

"आई, ही गाडी आहे," मी म्हटलं.

"सकाळपासून घर घर म्हणतोयस ना? मग घरात चपला घालून कसं फिरायचं?"

वंदनानं दाराशी प्लॅस्टिकचा एक ट्रे ठेवला. आईच्या चपला, वंदनाचे सँडल आणि सईचे बूट त्यात गेले. गाडी चालवणारा म्हणून मला एकट्याला बुटांची सूट मिळाली. आईनं बाथरूमसाठी वेगळ्या निळ्या रबरी स्लिपरही आणल्या होत्या. ते बाथरूम एवढं लहान होतं की आत उभं राहून दोन्ही कोपरं दोन्ही भिंतींना लागत. पण बाथरूमच्या चपला वेगळ्या म्हणजे वेगळ्या. त्या आतच राहायच्या, ट्रेमध्ये येत नसत.

निघण्यापूर्वी मी सवयीनं डोकी मोजायला लागलो. "एक, दोन..."

"माणसं मोजू नकोस रे," आई कळवळून म्हणाली. "मेंढरं आहेत का ती?"

हा तिचा जुना नियम. घरची माणसं मोजू नयेत. धान्य मोजतानासुद्धा ती पहिल्या मापाला एक म्हणत नाही. रोजचा तांदूळ काढताना ती "लाभ, दोन, तीन" असंच मोजते. माझं बालपण त्या आवाजावर गेलं आहे, तेव्हा मी वाद घातला नाही. पण मोजल्याशिवाय मला गाडीही सुरू करवत नाही. मग मी चपला मोजल्या. ट्रेमध्ये तीन जोड, माझे बूट माझ्या पायात. चार. चपलांवर आईची काही हरकत नव्हती. दिवसभर प्रत्येक थांब्यानंतर मी मागे वळून ट्रे बघत होतो, आणि आपण फार चांगली पद्धत शोधून काढली, असं मला वाटत होतं.

दुसरी पद्धत होती पावलांची. पाय एका जागी राहिला की गुडघा आखडतो, म्हणून दर थांब्याला दोनशे पावलं चालायचं, असा नियम मी आईला घालून दिला होता. ती ते निष्ठेनं करत होती. पावलं मोजायला तिची ना नव्हती.

रस्ता सुंदर होता. गेटिसबर्गच्या पुढे दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, मग हॅरिसबर्गनंतर डाव्या हाताला सस्क्वेहाना नदी. रुंदी कृष्णेच्या दुप्पट-तिप्पट, पाणी मात्र घोट्याएवढं, आणि मधे मधे झाडांची बेटं. आई खिडकीतून तासभर बघत होती. शेवटी म्हणाली, "एवढी मोठी नदी, पण एक घाट नाही. बायका धुणी कुठं धुतात?"

"आजी, वॉशिंग मशीन," सई म्हणाली.

"ते ठाऊक आहे गं. पण मग एकमेकींशी बोलतात कुठं?"

संध्याकाळी साडेसहाला नदीकाठच्या एका कँपग्राउंडवर मुक्काम केला. शेजारच्या गाडीत अर्ल आणि डोना नावाचं सत्तरीचं जोडपं होतं. अर्ल आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेला. वंदनानं कुकर लावला. पहिल्या शिट्टीला अर्ल खुर्चीतून उठला, दुसरीला आमच्या दारात हजर.

"बाहेर या सगळे! तुमचा गॅस फुटतोय!"

मी त्याला कुकर दाखवला आणि सांगितलं की अजून एक शिट्टी बाकी आहे, ती झाली की भात तयार. त्यानं घड्याळात बघत तिसऱ्या शिट्टीची वाट पाहिली आणि ती झाल्यावर समाधानानं मान डोलावली. आईनं त्याला ताटलीत वरण-भात आणि वर तूप वाढून दिलं. तो ताटली घेऊन गेला, आणि पाच मिनिटांनी डोना रिकामी ताटली घेऊन आली. तिलाही हवा होता.

त्याच्या बदल्यात अर्लनं सकाळी मला टाक्या रिकाम्या करायला शिकवलं. माझ्या टिपणांत ते सगळं होतं, पण टिपणांना वास नसतो. आधी संडासची टाकी सोडायची, मग सिंकची, म्हणजे सिंकच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. मी क्रम बरोबर ठेवला, पण नळीचं टोक नीट अडकवलं नाही. पुढचं सांगत नाही. माझे बूट अर्ध्या तासानं सुकले. सई वीस फुटांवरून नाक धरून, "बाबा, धिस इज सो ग्रोस," असं म्हणत होती.

निघताना अर्ल म्हणाला, "सीमेच्या पुलावर विचारतील तेवढंच सांगायचं. जास्त बोललं की जास्त थांबवतात." त्यानं तीस वर्षांत ही सीमा शेकडो वेळा ओलांडली होती. मी त्याचा सल्ला टिपून घेतला, आणि आठ तासांत मोडला.

शनिवार : पंप नंबर पाच

दुपारी चार वाजता बफेलोच्या अलीकडे, पुलापासून साडेपाच मैलांवर, पेट्रोल भरायला थांबलो. कॅनडात शिरण्याआधी टाकी भरून घ्यायची हे ठरलेलंच होतं. पंप नंबर पाच. एकतीस पूर्णांक सहा गॅलन. मी पावती घेतली आणि तिच्या मागे मैलांचा आकडा लिहिला, तो मी दर वेळी लिहितो. सई कानात गाणी घालून बसली होती. वंदना ओट्यावर सांडलेलं ताक पुसत होती. मागचा पडदा ओढलेला होता. मी ट्रेकडे बघितलं. तीन जोड. पायात माझे बूट. चार.

"चला," मी म्हटलं आणि निघालो.

पुलावर पस्तीस मिनिटं रांग होती. खाली नायगारा नदी भरधाव चाललेली, आणि पुलाच्या मध्यावर दोन्ही देशांचे झेंडे. सईनं फोटो काढले. मी म्हणालो, आजीला उठव, बघू दे. वंदना म्हणाली, राहू दे हो, झोपू दे, आक्कांकडे रात्री दोघी गप्पा मारत बसतील.

आमचा नंबर आला. खिडकीत एक उंच, गोरा, मिशीवाला अधिकारी. मी चारही जणांचे कागद त्याच्या हातात दिले. वंदनाचं आणि माझं ग्रीन कार्ड होतं, सईचा जन्मच अमेरिकेतला. आईच्या पासपोर्टात कॅनडाचा व्हिसा होता आणि अमेरिकेत परत शिरण्यासाठी लागणारं पांढरं कार्ड टाचलेलं होतं. ते हरवू नये म्हणून तिचा पासपोर्ट पहिल्या दिवसापासून माझ्याच पिशवीत होता.

"गाडीत किती माणसं?"

"चार."

"काही जाहीर करायचंय? दारू, तंबाखू, हत्यारं, खाण्याचे पदार्थ?"

अर्लचा सल्ला मला आठवत होता. पण सरकारी माणसानं प्रश्न विचारल्यावर अर्धं उत्तर देणं मला जमत नाही. मी यादी काढली. "तांदूळ साडेतीन किलो. तूरडाळ एक किलो. गव्हाचं पीठ दोन किलो. तूप एक बरणी. लोणची तीन प्रकारची, पहिलं लिंबाचं..."

"सर," तो म्हणाला.

"...रव्याचे लाडू चोवीस. कारळ्याची चटणी अर्धा किलो, ती मावशीसाठी."

"ती काय असते?"

"काळी पूड असते. कोरडी."

हे वेगळ्या शब्दांत सांगता आलं असतं, असं मला आता वाटतं. त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि स्वतः पायरी चढून आत आला. वंदनाच्या तोंडून "बूट..." एवढंच निघालं होतं, तेवढ्यात सई ओरडली, "आई, नो! डोन्ट!"

अधिकाऱ्यानं चटणीचा डबा उघडला, नाक आत घातलं आणि तीन वेळा शिंकला. मग डबा बंद करून त्यानं आमच्याकडे बोट फिरवलं.

"मला तीन दिसतात."

"आई मागे झोपलीय. गुडघा दुखतो तिचा."

त्यानं पडदा सरकवला. पलंगावर गोळा झालेली रजई, उशी, चष्म्याचं घर. आई नव्हती.

मी पहिलं वाक्य काय बोललो, ते सई अजून सगळ्यांना सांगते. मी ट्रेकडे बोट दाखवून म्हणालो, "पण चपला आहेत!"

अधिकाऱ्यानं ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सर, मी चपला मोजत नाही. माणसं मोजतो."

तोवर सईनं बाथरूमचं दार उघडलं होतं. "बाबा, ब्लू स्लिपर्स नाहीयेत."

तेव्हा सगळं लख्ख कळलं. थांब्यावर आई बाथरूममधून बाहेर आली असणार आणि पायातल्या स्लिपर तशाच ठेवून सरळ खाली उतरली असणार. दोनशे पावलं चालायला. मीच लावलेला नियम.

बहात्तर वर्षांची बाई. इंग्रजी येत नाही. जवळ पर्स नाही, फोन नाही, चष्मासुद्धा नाही. पासपोर्ट दुसऱ्या देशात, या मिशीवाल्या माणसाच्या हातात.

"अहो, तुम्ही निघताना बघितलं नाहीत?" वंदनाचा आवाज चिरकला होता.

"बघितलं. चपला बघितल्या."

"चपला!" एवढंच म्हणाली ती.

आम्हाला आत ऑफिसात नेलं. टेबलामागे पन्नाशीच्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो पंप कुठला, आठवतंय का?"

इथे मात्र माझी सवय कामाला आली. मी खिशातून पावती काढली. वेळ चार बारा, पंप नंबर पाच, एकतीस पूर्णांक सहा गॅलन, पत्ता आणि खाली टेलिफोन नंबर. बाईंनी पावती उलटून मागचा मैलांचा आकडा बघितला आणि फोन लावून माझ्या हातात दिला.

"साडीतल्या बाई ना?" पंपावरची बाई म्हणाली. तिचं नाव रोझ, हे नंतर कळलं. "आहेत. पंप नंबर पाचपाशी उभ्या आहेत. आत चला म्हटलं तर येत नाहीत. गाड्या हॉर्न वाजवतात तरी हलत नाहीत. शेवटी मी त्यांना खुर्ची दिली आणि शेजारी केशरी कोन ठेवला. पंप पाच आता बंद आहे."

मी म्हटलं, कृपा करून त्यांना फोन द्या. बराच वेळ खुडबुड झाली. मग आईचा आवाज.

"कोण? सुधाकर? कुठं आहेस तू?"

"आई, कॅनडात."

"मला न घेता?"

"आई, चुकलं माझं. आम्ही येतोय. तू हलू नकोस."

"मी कशाला हलू? हललास तू."

टेबलामागच्या बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी शब्दशः भाषांतर करून सांगितलं. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या, आणि मिशीवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

आम्ही कॅनडात रीतसर शिरलोच नव्हतो, म्हणून त्यांनी एक चिठ्ठी देऊन गाडी वळवून दिली. पूल उलटा ओलांडला. अमेरिकेच्या खिडकीतला अधिकारी तरुण आणि गंभीर होता.

"कॅनडात किती वेळ होतात?"

"बावन्न मिनिटं."

"जाण्याचं कारण?"

"मावशीला भेटायचं होतं."

"भेटलात?"

"नाही. आईला विसरलो."

त्यानं पासपोर्टावरून मान वर केली. "इकडे की तिकडे?"

"इकडे. अमेरिकेत. पंपावर."

त्यानं कागद परत दिले. "मग जा लवकर."

पंपावर पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच नंबरच्या पंपाशेजारी केशरी कोन, कोनाशेजारी घडीची खुर्ची, आणि खुर्चीत आई. पदर खांद्यावरून घेतलेला, पायात निळ्या स्लिपर, हातात अर्धं केळं. बाजूच्या पंपांवर पेट्रोल भरणारी माणसं तिला मान लववून जात होती आणि तीही सर्वांना उलट मान लववत होती. सई धावत गेली आणि आजीच्या गळ्यात पडली. तिला रडू आलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे ती मराठीत रडत होती.

"अगं, काय झालंय मला?" आई तिला थोपटत म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "दोनशे झाली आणि वळले, तर गाडी नाही. मग जिथं गाडी होती तिथंच उभी राहिले. हरवलं तर जागा सोडायची नाही, हे लहानपणी जत्रेत तुला कोण सांगायचं?"

मी नुसता तिचा हात धरून उभा राहिलो. रोझ बाहेर आली. पन्नास-पंचावन्नची, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेली. म्हणाली, माझी आईपण अशीच होती, एकदा बसली की बसली. आईनं वंदनाला लाडवांचा डबा आणायला लावला आणि रोझच्या ओंजळीत सहा लाडू ठेवले. रोझनं तिथेच एक खाल्ला.

आई आत चढली. आता मागे झोपायला नको म्हणाली, माझ्या शेजारच्या सीटवर बसली, पाय बर्फाच्या पेटीवर लांब केले. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आक्का वाट बघत असेल रे. पण एवढं झाल्यावर आता सोडतील का ते आपल्याला?"

मला माहीत नव्हतं. तेच सांगितलं.

शनिवार संध्याकाळ : पूल, दुसऱ्यांदा

पुलाच्या मध्यावर, झेंड्यांपाशी रांग थांबली असताना मी उठलो. सईच्या डोक्यावर हात ठेवला, वंदनाच्या ठेवला, आईच्या ठेवला, मग स्वतःच्या. आई बघत होती. या वेळी तिनं अडवलं नाही.

नशिबानं तीच खिडकी आणि तीच मिशी. त्यानं गाडी दुरूनच ओळखली असावी.

"आता किती?"

"चार."

तो खिडकीतून वाकला. आईनं त्याला मान लववली. पासपोर्ट उघडून त्यानं फोटो आणि ती असं दोनदा बघितलं, शिक्का मारला आणि पासपोर्ट माझ्याकडे न देता हात लांब करून तिच्याकडे दिला.

"कॅनडात स्वागत आहे, मॅडम."

"थँक्यू," आई म्हणाली. मग मला, "हा आता माझ्याकडेच राहील." आणि पासपोर्ट तिच्या कमरेच्या पिशवीत गेला.

मिसिसागाला पोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटं होती, पण उजेड होता. उत्तरेकडे जुलैत दिवस लांबतो, हे मी वाचलं होतं, आता दिसलं. नंदू फाटकातच उभा होता. त्याच्यामागे पायरीवर आक्का. मी तिला सतरा वर्षांपूर्वी पाहिली तेव्हा ती आईपेक्षा उंच होती. आता आईच्या कानाला लागेल एवढीच राहिली होती.

आई पायऱ्या चढून तिच्यासमोर उभी राहिली. आक्कानं दोन्ही हातांनी आईचा चेहरा धरला आणि स्वतःची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली. पाखरू बघतं तसं. समोरचं पुसट, म्हणून ती डोळ्यांच्या कडेनं बहिणीला शोधत होती. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. वंदना दुसरीकडे बघत होती. आई श्वास धरून उभी होती, फोटोला उभं राहावं तशी.

मग आक्काची नजर खाली घसरली आणि तिथेच थांबली.

"माई," ती म्हणाली, "संडासातल्या चपला घालून आलीस माझ्या दारात?"

"अगं बाई! दिसतंय की तुला!" आई ओरडली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून अशा हसायला लागल्या की नंदूनं त्यांना धरलं नसतं तर पायरीवरून खाली आल्या असत्या. हसता हसता केव्हा त्या रडायला लागल्या, ते आम्हाला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

बुधवार : परत

चार दिवस दोघी बहिणी एका सोफ्यावर बसून होत्या. नायगारा बघायला नेलं, तर धबधब्याकडे पाठ करून बोलत बसल्या. कारळ्याची चटणी दुसऱ्या दिवशीच निम्मी संपली. निळ्या स्लिपर आक्कानं ठेवून घेतल्या. म्हणाली, तुमच्याकडच्या निळ्या रंगात दम आहे, इथल्या सगळ्या पांढुरक्या, मला दिसतच नाहीत. निघताना आक्का फाटकापर्यंत आली नाही. पायरीवरूनच तिनं मान वाकडी केली आणि आईला जाताना कडेनं बघत राहिली.

गाडीत आईनं पाय बर्फाच्या पेटीवर लांब केले. मग म्हणाली, "बघितलं तिनं मला. झालं."

वाटेत रोझच्या पंपावर थांबलो. गरज नव्हती, टाकी पाऊण भरलेली होती. पण आईनं रोझसाठी आक्काकडून लाडवांची एक बरणी मुद्दाम भरून घेतली होती. पंप नंबर पाच चालू होता.

परत येईपर्यंत एकूण एक हजार त्रेसष्ट मैल झाले. त्यातले अकरा, म्हणजे पंपापासून पुलापर्यंत आणि परत, कुठल्याच नकाशात बसत नाहीत.

पण रोझचा पंप आणि हा हिशेब परतीच्या पुलानंतरचा. त्याआधी अमेरिकेच्या बाजूला अधिकाऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला होता, "गाडीत किती माणसं?" मी तोंड उघडायच्या आत आई शेजारच्या सीटवर अवघडून मागे वळली आणि तिनं बोट पुढे केलं.

"लाभ," ती सईकडे बघून म्हणाली. "दोन," वंदना. "तीन," स्वतःच्या छातीवर बोट. मग माझ्या खांद्याला टोचून, "चार. सांग त्याला."

मी सांगितलं.